डेस्कटॉप बदलताना आयकॉनांची आवराआवर

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी लागणारी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा अनेक जुन्या संगणकांत नाही. त्यामुळे सुस्थितीतला संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर उबुंटू, लिनक्स मिंट यांसारखी लिनक्सची आवृत्ती बसवण्याकडे बऱ्याच जणांचा कल झाला आहे. लिनक्सवर आल्यावर एक नवीच मुभा हाती येते. संगणकाचे दर्शनी रूप, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या आणि आयकॉन यांची संपूर्ण मांडणी, आपल्या आवडीप्रमाणे बदलता येते. या मांडणीला ‘डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट’ म्हणतात. येथे तिला डेस्कटॉप-प्रणाली म्हटले आहे. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, माते आणि सिनॅमन या त्यांपैकी विशेष प्रचारातल्या प्रणाली होत.

एकाच संगणकावर दोन-तीन प्रणाली सुखाने नांदू शकतात. प्रवेशाच्या पडद्यावर पासवर्ड देण्यापूर्वी हवी ती निवडायची, एवढेच. मात्र दुसरी प्रणाली बसवल्यावर पहिला अनुभव बहुधा पसाऱ्याचा असतो. मेनूत दोन टर्मिनल, दोन फाइल मॅनेजर आणि तीन टेक्स्ट एडिटर दिसू लागतात. डेस्कटॉपवर नीट रचून ठेवलेले आयकॉन विस्कटतात किंवा दिसेनासे होतात. काही चिन्हांच्या जागी कोरा चौकोन येतो. मग आवराआवर सुरू होते आणि धोका असतो तो येथेच. सगळे आयकॉन सारखेच दिसत असले तरी सगळ्यांमागे एकच वस्तू नसते. काही आयकॉन पुसले तर काहीच बिघडत नाही. काही पुसले तर मुलाचा प्रकल्प किंवा घराच्या खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत नाहीशी होते.

इतके डेस्कटॉप आले कोठून?

कागद, फोल्डर, छापयंत्र यांची छोटी चित्रे पडद्यावर मांडून संगणक वापरण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ या यंत्राद्वारे बाजारात आणली. १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉशने ती घराघरांत पोचवली. लिनक्सच्या जगात मात्र असा एकच डेस्कटॉप कधी झाला नाही. मॅथियस एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई प्रकल्पाची घोषणा केली. ज्या ‘क्यूटी’ साधनसंचावर केडीई उभारले जात होते, त्याचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. या आक्षेपातून मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोमचा प्रारंभ केला. हलक्याफुलक्या एक्सएफसीईचे काम ऑलिव्हिए फोर्दां यांनी १९९६ मध्येच हाती घेतले होते.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने जुनी मांडणी मुळापासून बदलली. ते न रुचलेल्यांनी ग्नोमची दुसरी आवृत्ती ‘माते’ या नावाने जिवंत ठेवली. माते हे दक्षिण अमेरिकेतील एका पेयाचे नाव. नवा आणि जुना ग्नोम एकाच संगणकावर बसवले तर नावांची टक्कर होऊ नये, म्हणून मातेच्या कर्त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव बदलले. त्यांनी फाइल मॅनेजरला ‘काहा’ म्हणजे पेटी आणि टेक्स्ट एडिटरला ‘प्लुमा’ म्हणजे लेखणी अशी स्पॅनिश नावे दिली. मेनूत अकस्मात दिसणाऱ्या या अनोळखी नावांचा उगम तेथे आहे.

इतक्या निरनिराळ्या प्रणालींना निदान काही बाबतींत एकमेकींची भाषा कळावी, यासाठी हॅवक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये ‘फ्रीडेस्कटॉप’ हे व्यासपीठ सुरू केले. प्रोग्रॅमची नोंद कशी करावी, चिन्हे कोठे ठेवावीत, कचरापेटीची रचना कशी असावी, याविषयी तेथे सर्वमान्य संकेत ठरले. या संकेतांमुळेच एका प्रणालीचे प्रोग्रॅम दुसरीतही चालतात आणि मेनूतला पसाराही त्यांच्यामुळेच होतो.

चिन्ह आणि वस्तू

आवरायला बसण्यापूर्वी पडद्यावरील आयकॉनांचे तीन वर्ग मनात वेगळे करावेत.

पहिला वर्ग मेनूतील आयकॉनांचा. यांपैकी प्रत्येकामागे काही ओळींची एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘.डेस्कटॉप’ असा प्रत्यय असतो. प्रोग्रॅमचे नाव, तो सुरू करण्याची आज्ञा, चिन्हाचे नाव आणि तो कोणत्या गटात दाखवावा, एवढीच माहिती त्यात असते. ही फाइल म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली तरी घर जागेवरच राहते.

दुसरा वर्ग डेस्कटॉपवर ठेवलेल्या शॉर्टकटांचा. त्याही पाट्याच, फक्त मेनूऐवजी डेस्कटॉपवर टांगलेल्या.

तिसरा वर्ग डेस्कटॉपवरच जतन केलेल्या फाइलींचा आणि फोल्डरांचा. येथे आयकॉन ही पाटी नसून प्रत्यक्ष घरच आहे. पत्रे, छायाचित्रे, गुणपत्रिका, हिशेबाच्या तक्त्या यांचे आयकॉन पुसणे म्हणजे त्या फाइलीच पुसणे.

ओळखण्याचा सोपा मार्ग असा: आयकॉनवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. प्रकार म्हणून ‘डेस्कटॉप कॉन्फिगरेशन फाइल’ किंवा ‘लिंक’ असे दिसले तर ती पाटी. दस्तऐवज, प्रतिमा, फोल्डर असे काही दिसले तर ती वस्तू. शंका असेल तर काहीही पुसू नये, ‘आवरायचे’ अशा नावाचा फोल्डर करून त्यात हलवावे.

मेनूत गर्दी का होते?

सर्वांसाठी बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या पाट्या संगणकात एका सामायिक जागी असतात. ती जागा म्हणजे ‘यूएसआर’ फोल्डरमधील ‘शेअर’ आणि त्यातील ‘ॲप्लिकेशन्स’. (ही नावे संगणकावर रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत दिसतात.) कोणतीही प्रणाली सुरू झाली की ती हा सामायिक फोल्डर वाचते आणि मेनू तयार करते. ग्नोम असलेल्या संगणकावर केडीई बसवले की केडीईचा डॉल्फिन फाइल मॅनेजर, कॉन्सोल टर्मिनल, केट एडिटर यांच्या पाट्या त्याच फोल्डरमध्ये येतात आणि ग्नोमच्या मेनूतही दिसू लागतात. ग्नोम आपल्या प्रोग्रॅमांना ‘फाइल्स’, ‘टेक्स्ट एडिटर’ अशी सर्वसामान्य नावे देते. त्यामुळे केडीईच्या मेनूत ‘फाइल्स’ आणि ‘डॉल्फिन’ शेजारी दिसले की दोन्ही एकाच कामाचे आहेत, हे नवख्याच्या लक्षातही येत नाही.

या गर्दीवर उपायही संकेतातच आहे. पाटीमध्ये ‘ओन्ली शो इन’ अशी ओळ लिहिली तर तो प्रोग्रॅम नमूद केलेल्या प्रणालीतच दिसतो. ‘नॉट शो इन’ लिहिले तर नमूद केलेल्या प्रणालीत दिसत नाही. ग्नोमची सेटिंग्ज केडीईच्या मेनूत येत नाहीत ती यामुळेच. पण जे प्रोग्रॅम कोठेही उपयोगी पडू शकतात, त्यांच्या पाटीवर अशी ओळ बहुधा नसते. कारण ग्नोममध्ये राहूनही एखाद्याला केट वापरावासा वाटू शकतो. निवड वापरणाऱ्यावर सोपवलेली आहे.

सगळीच जुळी चिन्हे मात्र प्रणाली बदलल्यामुळे आलेली नसतात. एकच प्रोग्रॅम नेहमीच्या पॅकेजमधून एकदा आणि फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या मार्गाने पुन्हा, असा दोनदा बसवलेला असू शकतो. तेव्हा नाव आणि चिन्ह तंतोतंत एक असते, पण दोहोंच्या नोंदी, सेटिंग्ज आणि साठवलेला मजकूर वेगवेगळ्या जागी असतो. ईमेलच्या प्रोग्रॅमबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. दोहोंपैकी कोणत्या प्रतीत टपाल उतरले आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय एकही काढू नये.

पुसू नये, लपवावे

सामायिक फोल्डरमधील पाट्यांना हात न लावणे उत्तम. तेथे बदल करण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो, तो बदल संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होतो आणि प्रोग्रॅमची पुढची सुधारित आवृत्ती आली की पाटी पुन्हा हजर होते.

संकेताने प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा स्वतंत्र फोल्डर दिला आहे. होम फोल्डरमधील ‘.लोकल’, त्यातील ‘शेअर’ आणि त्यातील ‘ॲप्लिकेशन्स’ ही ती जागा. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ‘.लोकल’ एरवी लपलेला असतो. बहुतेक फाइल मॅनेजरांत कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की तो दिसतो. एकाच नावाची पाटी सामायिक आणि वैयक्तिक अशा दोन्ही ठिकाणी असेल, तर वैयक्तिक पाटी ग्राह्य धरली जाते. म्हणून नको असलेल्या प्रोग्रॅमची पाटी सामायिक फोल्डरमधून वैयक्तिक फोल्डरमध्ये नक्कल करावी आणि त्या नकलेत ‘नो डिस्प्ले’ ही ओळ ‘ट्रू’ या मूल्यासह घालावी. प्रोग्रॅम जागेवर राहतो, फक्त मेनूतून दिसेनासा होतो. विचार बदलला तर ती नक्कल पुसली की झाले.

हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, नवी ओळ फाइलीच्या अगदी आरंभीच्या ‘डेस्कटॉप एन्ट्री’ या चौकटी कंसातील शीर्षकाच्या लगेच खाली लिहावी. अनेक पाट्यांत पुढे ‘नवी खिडकी’सारख्या उपक्रियांचे स्वतंत्र विभाग असतात, ओळ तेथे पडली तर काहीच परिणाम होत नाही. दुसरी, ‘नो डिस्प्ले’ आणि ‘हिडन’ या दोन ओळी समानार्थी नाहीत. ‘नो डिस्प्ले’ने प्रोग्रॅम मेनूत दिसत नाही, पण त्याच्या प्रकारच्या फाइली तो उघडू शकतो. ‘हिडन’ लिहिले तर प्रणाली तो प्रोग्रॅम अस्तित्वातच नाही असे समजते. तिसरी, केलेली नक्कल आपोआप अद्ययावत होत नाही. मूळ प्रोग्रॅम सुधारला आणि त्याची आज्ञा बदलली, तरी आपली नक्कल जुनीच राहते. म्हणून नकला मोजक्याच असाव्यात.

हातांनी फाइली संपादित करण्याची सवय नसेल, तर हेच काम करणारी साधने आहेत. केडीईच्या मेनूत प्रोग्रॅमवर उजवी क्लिक करून तो लपवता येतो. शिवाय केडीईचा स्वतःचा मेनू एडिटर आहे. मातेसाठी ‘मोझो’, तर ग्नोम आणि एक्सएफसीई या दोहोंसाठी ‘मेनूलिब्रे’ उपयोगी पडतो. मेनूलिब्रेमध्ये निवडलेल्या पाटीची फाइल नेमकी कोठे आहे हेही दिसते, त्यामुळे जुळ्या आयकॉनांचा उलगडा होतो. ग्नोमच्या प्रोग्रॅम-पडद्यावर एक आयकॉन दुसऱ्यावर ओढून नेला की गट तयार होतो. क्वचित लागणारी साधने एका गटात टाकणे हा तेथे सर्वांत सोपा उपाय. असे गट मात्र ग्नोमपुरतेच असतात. दुसऱ्या प्रणालीत ते दिसत नाहीत.

निर्धास्तपणे पुसता येईल असा एक प्रकार उरतो, तो अनाथ पाट्यांचा. वाइनच्या साहाय्याने बसवलेले विंडोजचे प्रोग्रॅम काढून टाकल्यावरही त्यांच्या पाट्या वैयक्तिक फोल्डरमध्ये अनेकदा मागे राहतात. मागे प्रोग्रॅमच उरला नसल्याची खात्री झाली की त्या काढाव्यात.

मराठी नावे

एकाच पाटीत प्रोग्रॅमचे नाव अनेक भाषांत लिहिता येते. मराठीसाठी ‘एमआर’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ हे भाषा-संकेत आहेत. प्रवेश करताना मराठी निवडली आणि पाटीत मराठी नाव असेल तर मेनूत ते दिसते. नसेल तर इंग्रजी दिसते. वैयक्तिक नकलेत हे नाव आपण स्वतःही घालू शकतो. टर्मिनल, एडिटर यांना घरातल्या सर्वांना कळेल असे मराठी नाव देण्यासाठी प्रोग्रॅमिंगचे ज्ञान लागत नाही.

भाषा बदलण्याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. ग्नोममध्ये नव्या भाषेत प्रथमच प्रवेश केला की ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ या फोल्डरांची नावेही नव्या भाषेत करावीत का, असा प्रश्न येतो. होकार दिल्यास नव्या नावाचे फोल्डर तयार होतात. ज्या जुन्या फोल्डरांत फाइली आहेत ते मात्र जुन्याच नावाने तसेच राहतात. परिणामी डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि फाइली गेल्या असे वाटते. त्या गेलेल्या नसतात. होम फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली सुरक्षित असतात. जेथे एकाच संगणकावर कोणी मराठीत, कोणी कोकणीत, तर कोणी इंग्रजीत काम करतो, तेथे भाषा कितीही वेळा बदलली तरी फोल्डरांची नावे जुनीच ठेवावीत.

रचना का टिकत नाही?

डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली बहुतेक सर्व प्रणाली होममधल्या एकाच ‘डेस्कटॉप’ फोल्डरमधून घेतात. त्यामुळे प्रणाली बदलली तरी फाइली त्याच राहतात. पण कोणता आयकॉन पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवला होता, ही माहिती त्या फोल्डरमध्ये नसते. केडीई ती आपल्या प्लाझ्माच्या सेटिंग्जमध्ये आणि एक्सएफसीई आपल्या स्वतंत्र फाइलीत लिहून ठेवते. एकीची नोंद दुसरी वाचत नाही. एक्सएफसीई तर पडद्याच्या रिझोल्यूशननुसार जागा लक्षात ठेवत आली आहे, त्यामुळे प्रोजेक्टर जोडला तरी मांडणी बदललेली दिसू शकते.

डाव्या बाजूला कार्यालयाचे, उजवीकडे घरचे, खाली तातडीचे अशी जागेवर आधारलेली रचना प्रणाली बदलताच मोडते. फोल्डर आणि नावे यांवर आधारलेली रचना मात्र कोठेही गेलो तरी टिकते. दोन प्रणाली आलटून-पालटून वापरायच्या असतील तर डेस्कटॉपवर चार-पाचच फोल्डर ठेवावेत आणि बाकी सर्व त्यांच्या पोटात घालावे. क्रम हवाच असेल तर नावापूर्वी ०१, ०२ असे अंक घालावेत आणि ‘नावानुसार मांडा’ हा पर्याय निवडावा. देवनागरी आणि रोमन नावांची सरमिसळ असेल तर इंग्रजीत चालणाऱ्या संगणकावर सामान्यतः रोमन नावे आधी आणि देवनागरी नंतर लागतात. सर्वांना अंक दिले की हाही प्रश्न सुटतो.

डेस्कटॉप कोरा दिसला तर

एक्सएफसीई किंवा सिनॅमनमधून ग्नोममध्ये जाणाऱ्याला डेस्कटॉपवर एकही आयकॉन न दिसणे शक्य आहे. मार्च २०१८ मध्ये आलेल्या ग्नोम ३.२८ पासून डेस्कटॉपवर आयकॉन दाखवण्याची सोय ग्नोमच्या फाइल मॅनेजरमधून काढून टाकण्यात आली. उबुंटू ‘डेस्कटॉप आयकॉन्स एनजी’ हे विस्तारक सोबत देऊन ही उणीव भरून काढते. फेडोरासारख्या आवृत्तीत मूळचा ग्नोम तसाच मिळत असल्याने तेथे डेस्कटॉप कोरा राहतो. फाइल मॅनेजर उघडून ‘डेस्कटॉप’ फोल्डरमध्ये पाहिले की सर्व काही जागेवर असल्याचे दिसते.

केडीईचाही असा काळ होता. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या केडीई ४.० ने डेस्कटॉपवर फाइलींऐवजी ‘विजेट’ म्हणजे छोटी उपकरणे मांडण्याची कल्पना आणली. आजच्या प्लाझ्मात डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘फोल्डर व्ह्यू’ आणि ‘डेस्कटॉप’ असे दोन पर्याय आहेत. पहिल्यात फाइली दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. येथे एक बारकावा आहे. प्लाझ्मातील विजेट काढून टाकले तर कोणतीही फाइल जात नाही. पण फोल्डर व्ह्यूमधील आयकॉन पुसला तर फाइल कचरापेटीत जाते.

कचरापेटीची रचनाही सर्वमान्य संकेताप्रमाणे असल्याने एका प्रणालीत चुकून टाकलेली फाइल दुसरीच्या कचरापेटीतूनही परत आणता येते. शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून पुसलेली फाइल मात्र कचरापेटीत जात नाही. आवराआवर करताना ही जोडी वापरू नये.

कोरी आणि परकी चिन्हे

पाटीत चिन्हाचे चित्र नसते, फक्त नाव असते. त्या नावाचे चित्र प्रणाली आपल्या चालू आयकॉन-थीममध्ये शोधते. ग्नोममध्ये ती थीम आद्वैता, केडीईमध्ये ब्रीझ. तेथे न सापडल्यास सर्वांसाठी राखीव असलेल्या ‘हायकलर’ या मूलभूत थीममध्ये पाहिले जाते. तेथेही नसेल तर सर्वसाधारण किंवा कोरे चिन्ह दिसते. कोरे चिन्ह म्हणजे प्रोग्रॅम बिघडला असे नव्हे. बहुधा दुसऱ्या प्रणालीची थीम काढून टाकलेली असते. ती पुन्हा बसवली की चित्र परत येते.

केडीई वापरून ग्नोम किंवा एक्सएफसीईत परतल्यावर काही खिडक्यांचे रंग आणि बटणे वेगळी दिसू शकतात. आपल्या छत्राखाली चालणारे ग्नोमशैलीचे प्रोग्रॅम विजोड दिसू नयेत म्हणून केडीई ‘.कॉन्फिग’ फोल्डरमधील ‘जीटीके-३.०’ येथे स्वतःच्या रंगांच्या नोंदी लिहिते. परतल्यावरही त्या तेथेच राहतात. हा फोल्डर न पुसता त्याचे नाव बदलून पुन्हा प्रवेश करून पाहावे. फरक पडला नाही तर जुने नाव परत द्यावे.

दुहेरी क्लिकवर पीडीएफ किंवा छायाचित्र भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडू लागणे, हेही याच जातीचे दुखणे. फाइलीवर उजवी क्लिक करून ‘ओपन विथ’मधून हवा तो प्रोग्रॅम कायमचा निवडावा. ही निवड प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्रही ठेवता येते, म्हणून दोन्ही ठिकाणी एकदा तपासून पाहणे बरे.

पाटीमागचा धोका

पाटीत लिहिलेले नाव, चिन्ह आणि आज्ञा यांचा एकमेकांशी मेळ असलाच पाहिजे, असे बंधन नाही. नाव ‘परिपत्रक’, चिन्ह पीडीएफचे आणि आज्ञा भलतीच, अशी पाटी कोणीही तयार करू शकतो. बॉस लिनक्स ही सीडॅकने विकसित केलेली भारतीय आवृत्ती सरकारी कार्यालयांत वापरली जाते. ती वापरणाऱ्यांना पीडीएफचे सोंग घेतलेल्या अशाच ‘.डेस्कटॉप’ फाइली ईमेलद्वारे पाठवून लक्ष्य केले जात असल्याचे सायबर सुरक्षा-संशोधकांनी २०२५ मध्ये उघड केले.

म्हणूनच नवा शॉर्टकट डेस्कटॉपवर आणला की ग्नोम-उबुंटूमध्ये ‘अलाउ लाँचिंग’ अशी परवानगी द्यावी लागते आणि एक्सएफसीई व केडीई चालवण्यापूर्वी इशारा देतात. प्रणाली बदलल्यावर जुन्या शॉर्टकटांसाठीही हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ शकतो. एकामागून एक ‘हो’ म्हणत जाण्याचा मोह तेव्हाच होतो. स्वतः तयार न केलेला शॉर्टकट असेल तर परवानगी देण्याऐवजी तो काढून टाकावा आणि प्रोग्रॅम मेनूतून उघडावा.

दुसरी प्रणाली काढून टाकताना

केडीई आवडले नाही म्हणून त्याचे प्रोग्रॅम एकेक करून काढू लागणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग. काही भाग दोन्ही प्रणालींना समाईक असतात. प्रवेशाचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅमही (ग्नोमचा जीडीएम, प्लाझ्मासोबत बहुधा येणारा एसडीडीएम, उबुंटूच्या काही आवृत्त्यांतील लाइटडीएम) दुसरी प्रणाली बसवताना बदललेला असू शकतो. तोच काढला तर संगणक सुरू होऊनही प्रवेश करता येत नाही. त्यामुळे काढण्यापूर्वी मूळ प्रणालीत प्रवेश करावा आणि प्रवेशाचा पडदा तिचाच असल्याची खात्री करावी.

डेबियन, उबुंटू आणि मिंट यांत नेमके काय कधी बसवले याची तारीखवार नोंद ‘व्हार’, ‘लॉग’, ‘एपीटी’ या फोल्डरांतील ‘हिस्टरी’ या फाइलीत असते. ज्या दिवशी दुसरी प्रणाली बसवली त्या दिवसाची नोंद पाहिली की तिच्यासोबत आलेल्या पॅकेजांची यादी हाती येते. काढण्याची आज्ञा दिल्यावर संगणक ‘पुढील पॅकेजे काढली जातील’ अशी यादी दाखवतो. ती शेवटपर्यंत वाचावी आणि मूळ प्रणालीतले एकही नाव तीत दिसले तर तेथेच थांबावे.

मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची पूर्वस्थितीत परतण्याची सोय आहे आणि अशा वेळी ती घ्यावीच. मात्र टाइमशिफ्ट मूलतः ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइली जपते. होम फोल्डर, अर्थात डेस्कटॉपवरील दस्तऐवज, ती स्वतःहून जपत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी काढावी लागते.

आवरण्याचा क्रम

१. सर्वप्रथम डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी.

२. नवी प्रणाली केवळ पाहायची असेल तर ती पेन ड्राइव्हवरून थेट चालवावी. बसवायचीच असेल तर चाचणीसाठी वेगळे वापरकर्ता-खाते उघडावे. सेटिंग्ज खात्यागणिक वेगळ्या असल्याने मूळ खात्याची मांडणी अबाधित राहते.

३. डेस्कटॉपवरील आयकॉनांचे पाटी आणि वस्तू असे दोन भाग करावेत. वस्तू फोल्डरांत हलवाव्यात.

४. मेनूतील नको असलेले प्रोग्रॅम लपवावेत. किमान दोन आठवडे दोन्ही प्रणाली वापरून पाहाव्यात. या काळात ज्यांची आठवण झाली नाही, तेच काढण्यास योग्य.

५. काढताना पॅकेजांची यादी वाचावी, कचरापेटी मात्र लगेच रिकामी करू नये.

घरातील संगणक एकाहून अधिक माणसे वापरत असतील, तर पहिल्या पायरीपूर्वी त्या सर्वांना एकदा विचारावे. डेस्कटॉपवरील कोणती फाइल कोणाच्या कामाची आहे, हे आयकॉनवरून कळत नाही.